खापर कोणाच्या माथी?

काढा, चूर्ण आणि शेजाऱ्याने दिलेली गोळी एकदमच पोटात गेल्यावर वैद्याने निदान तरी कसे करावे? संगणकाचेही तसेच आहे. क्रोम ब्राउझरात 'फ्लॅग्ज' नावाचे एक पान असते. तिथल्या सोयी प्रायोगिक. त्यांपायी माहिती गमावण्याचाही संभव आहे, असा इशारा तिथेच दिलेला असतो. हौशी मंडळी त्या सुरू करतात अन् विसरतात! पुढे एखाद्या संकेतस्थळावरचा अर्ज अडला, की खापर फुटते ते अर्ज रचणाऱ्याच्या माथी. तेव्हा वाचकहो, तक्रारीपूर्वी त्या पानावरचे 'रीसेट ऑल' दाबावे, ब्राउझर नव्याने सुरू करावा आणि तीच कृती पुन्हा करून पाहावी. दोष तरीही दिसला, तर तक्रार खुशाल करावी. नाहीसा झाला, तर एका निरपराध माणसाची झोप वाचली!