सुईनंतरचे सहा आठवडे

सांध्यात घ्यायच्या इंजेक्शनांबद्दल आपल्याकडे दोनच मतं ऐकू येतात. 'एका सुईत मोकळं वाटलं' हे एक आणि 'स्टेरॉइड असतं, हाडं पोखरतं, लांबच राहा' हे दुसरं. दोन्ही अर्धवट आहेत. स्टेरॉइड सूज उतरवतं, काही आठवडे उसंत देतं. झिजलेली कूर्चा ते भरून काढत नाही. ती उसंत कशासाठी वापरायची हे रुग्णाला न सांगता सुई टोचली जाते, आक्षेप घ्यायचा तो इथे.

सचिन तेंडुलकरमुळे घराघरात माहीत झालेल्या टेनिस एल्बोचंच पाहा. ऑस्ट्रेलियातल्या १९८ रुग्णांवरचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. काहींना स्टेरॉइड दिलं, काहींना फिजिओथेरपी, आणि काहींना नुसतं 'थांबा, हाताला जपा' एवढंच सांगितलं. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले सर्वांच्या पुढे होते, ७८ टक्के बरे. पण पुढे त्यांच्यापैकी ७२ टक्क्यांचं दुखणं उलटलं, आणि वर्षअखेरीस काहीच न केलेल्यांची स्थितीही त्यांच्यापेक्षा चांगली निघाली. गुडघ्याची गोष्ट फार वेगळी नाही. अमेरिकेत १४० जणांच्या गुडघ्यात दोन वर्षं दर तीन महिन्यांनी स्टेरॉइड किंवा नुसतं सलाइन सोडलं गेलं. २०१७ साली निकाल आला तेव्हा वेदनेत म्हणण्यासारखा फरक नव्हता. स्टेरॉइडच्या गटात कूर्चा मात्र जास्त झिजली होती.

यावर डॉक्टरांचा प्रतिवाद वजनदार आहे: ठणका लागलेला माणूस व्यायाम करणार कसा? बरोबर आहे, आणि म्हणूनच सुईला सरसकट नावं ठेवणं चूक ठरेल. जखडलेल्या खांद्यात, विशेषतः सुरुवातीच्या दुखऱ्या काळात, वेळेवर दिलेलं इंजेक्शन हात हलवण्याची सोय करून देतं. बोट अडकत असेल तर अनेकदा एका सुईवर काम भागतं आणि ऑपरेशन टळतं. खांदा जखडणं मधुमेह्यांमध्ये जास्त, आणि स्टेरॉइडनंतर काही दिवस साखर वाढते. एवढं आधी सांगितलं तरी पुढची घबराट वाचते. पण व्यायामासाठी इंजेक्शन दिलं असं म्हणायचं, तर केस पेपरवर व्यायामही लिहिलेला हवा. बहुतेकदा तो नसतो. कारण उघड आहे: सुई दोन मिनिटांत होते, व्यायाम शिकवायला पंधरा मिनिटं लागतात आणि बाहेर ओपीडीची रांग उभी असते.

तालुक्याच्या गावी फिजिओ कुठून आणायचा, असंही विचारलं जाईल. अडचण खरी आहे, तरी गुडघ्याचा मूळ व्यायाम मशीन मागत नाही. पाय पसरून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती दाबत मांडीचा स्नायू आवळायचा, दहापर्यंत मोजायचं आणि सोडायचं. हे एकदा नीट दाखवलं की घरी रोज करता येतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या १५६ रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासात फिजिओथेरपी घेतलेल्यांना वर्षाअखेरीस स्टेरॉइडवाल्यांपेक्षा कमी दुखत होतं आणि त्यांच्या हालचालीही सुधारल्या होत्या.

पीआरपी हा यातला महागडा अध्याय. रुग्णाचंच रक्त काढून मशीनमध्ये फिरवायचं आणि त्यातला प्लेटलेटयुक्त भाग गुडघ्यात सोडायचा. 'आपलंच रक्त, साइड इफेक्ट नाही' म्हटल्यावर हजारो रुपये मोजायला लोक तयार होतात. २०२१ साली ऑस्ट्रेलियातून २८८ जणांचा निकाल आला: एका गटाला पीआरपी, दुसऱ्याला सलाइन. वर्षभराने दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं होतं, आणि जवळजवळ सारखंच. आराम पडल्याशी मतलब, असं कुणी म्हणेल. पण दुखणं कमी-जास्त होतच असतं, माणूस डॉक्टरकडे जातो तो ते शिगेला पोचल्यावर, आणि सुई टोचली की आशाही वाढते. मिठाच्या पाण्यालाही जे जमतं त्याची किंमत पीआरपीच्या दराने लावणं मला पटत नाही. काही छोट्या अभ्यासांत पीआरपीला यश दिसलं आहे, हे खरं. पण रुग्णाला दाखवले जातात ते तेवढेच.

तेव्हा सुई घेण्याआधी औषधाचं नाव विचारा, पुढच्या सहा आठवड्यांत काय करायचं ते विचारा, आणि औषध, मात्रा, तारीख केस पेपरवर लिहून घ्या. पुन्हा इंजेक्शन घ्यायचं झालं तरी निदान तीन महिने जाऊ द्या. पुढे सांधा बदलायची वेळ आलीच, तर आधीच्या तीन महिन्यांत स्टेरॉइड घेतलेल्या गुडघ्यात जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. त्या वेळी सर्जनला ती तारीख लागते.