न शिजणारी डाळ

बीड जिल्ह्यातील पाण्याची चर्चा धरणांतील साठा आणि टँकरच्या खेपा यांच्या आकड्यांत अडकून पडते. घरात आलेले पाणी कोणत्या गुणाचे, हा प्रश्न मात्र स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडत नाही. बीड शहरास माजलगाव धरणाचे पाणी मिळते. परंतु नळाला खंड पडला की शहरही विंधन विहिरीकडेच वळते. आष्टी-पाटोद्याकडील खेड्यांची गोष्ट तर बोलावयासच नको. डाळ तासभर चुलीवर राहूनही शिजत नाही, साबण झिजतो पण फेस येत नाही, हंड्याच्या तळाशी पांढरा थर चढतो. जळण, साबण आणि गृहिणीचे श्रम यांचा हा भुर्दंड कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

दोष खडकाचा आहे. येथील काळ्या पाषाणातून मुरताना पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम उतरते. भारतीय मानकानुसार लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंतचा कठीणपणा इष्ट. दुसरा उद्भवच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा, अशी सवलत आहे.

ऐपत असलेल्यांनी शुद्धीकरण यंत्रे बसविली. ही यंत्रे लिटरभर गोड पाणी देताना बहुधा त्याहून अधिक पाणी मोरीत सोडतात. टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यास ही चैन परवडणारी आहे काय? तुरटीने गाळ बसतो, जडपणा जात नाही. उकळल्याने बायकार्बोनेटचा जडपणा जातो, सल्फेट व क्लोराइडचा तसाच राहतो. डाळीत चिमूटभर सोडा टाकणे सोयीचे खरे, पण त्यात ब जीवनसत्त्वाचा बळी जातो.

गोड पाणी छपरावरच पडते, हे आपण विसरलो आहोत. ४० चौरस मीटरच्या छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे ४० लिटर. ३०० मिलिमीटरचे अवर्षण गृहीत धरले तरी १२ हजार लिटर होतात. पहिल्या सरी सोडून दिल्या आणि स्वयंपाकास रोज २० लिटर धरले, तर ऑक्टोबर ते मे हे आठ महिने ५ हजार लिटरच्या झाकलेल्या टाकीवर निभावतात. अडसर आहे तो टाकीच्या किमतीचा. विंधन विहिरी खोल खोल नेण्यावर होणाऱ्या खर्चातील काही वाटा इकडे वळविण्यास शासनास कोणी अडविलेले नाही.

आणखी एक. जडपणा जिभेला व साबणाला कळतो, फ्लोराइड कळत नाही. उकळूनही ते जात नाही. म्हणून प्रत्येक विंधन विहिरीच्या तपासणीचा अहवाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, सर्वांस वाचता येईल अशा अक्षरांत, लागलाच पाहिजे.