ट्रॉली केवढी घ्यावी, ब्रेक कोणते लावावेत?

मराठवाड्यातील एका भगिनीने आपल्या मुलाच्या काळजीपोटी आम्हाला पत्र लिहिले आहे. घरी ३५ हॉर्सपॉवरचा जुना ट्रॅक्टर आहे. शेतीत त्याला वर्षातले थोडेच दिवस काम असते. मुलगा म्हणतो, ट्रॉली घेऊ. आपला कांदा आपणच बाजारात नेऊ आणि उरलेल्या दिवसांत विटा-वाळूची भाडी मारू. व्याजाचे कर्ज घ्यायचे नाही, हे घरात ठरलेले. त्यामुळे जमवलेल्या रोख पैशांतच सगळे बसवायचे. ट्रॉली बनवणारा सांगतो, "याच पैशांत मोठी ट्रॉली देतो, फक्त ब्रेक नको. ट्रॅक्टरला ब्रेक आहेतच की!" त्याचे म्हणणे खरे का, असे या भगिनी विचारतात.

खरे नाही. आणि ही एका घरापुरती गोष्ट नसल्याने आज पूर्ण सदर याच विषयाला देत आहोत.

ट्रॅक्टर किती ओढतो, हे पाहून ट्रॉली घेण्याची आपल्याकडे रीत आहे. ट्रॅक्टर पुष्कळ ओढतो. पहिल्या गियरमध्ये तो आपल्या वजनाच्या तिप्पट-चौपट माल सहज हलवतो, आणि तिथेच माणूस फसतो. पाहायचे असते ते हे, की तो किती माल थांबवू शकतो. बहुतेक शेती ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात, पुढच्या चाकांना नसतात. ते ब्रेक ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाचा विचार करून बसवलेले असतात, मागच्या वाळूचा नव्हे.

ढोबळ हिशोब करून पाहू. ट्रॅक्टर २ टनांचा धरा. ताशी २० किलोमीटर वेगाने जाताना त्याने एकट्याने जोरात ब्रेक मारला, तर तो साधारण ४ मीटरमध्ये थांबतो. आता त्याला दीड टनाची रिकामी ट्रॉली जोडा आणि तिच्यात एक ब्रास कोरडी वाळू भरा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, वजन साधारण साडेचार टन. एकूण भार ८ टन, म्हणजे चौपट झाला. ब्रेक मात्र तेवढेच. थांबायला १५ मीटरहून जास्त अंतर लागेल. वेग ३० केला तर ३५ मीटर. पाय ब्रेकवर जाईपर्यंत गाडी जे अंतर कापते, ते यात धरलेले नाही. ताशी २० च्या वेगाला एक सेकंद उशीर म्हणजे आणखी साडेपाच मीटर.

हे सपाट रस्त्याचे झाले. पंधरा फुटांना एक फूट असा उतार असेल, तर ताशी २० च्या वेगातही तोच आठ टनांचा भार थांबायला ४० मीटरच्या पुढे जातो. एकटा ट्रॅक्टर त्याच उतारावर ५ मीटरच्या आत थांबेल. चालक एकटा ट्रॅक्टर चालवून चालवून तरबेज झालेला असतो, त्याच्या पायाला त्या पाच मीटरची सवय असते. आमच्या मते अपघाताचे मूळ चालकाच्या बेफिकिरीपेक्षा या सवयीत जास्त आहे.

याच्यापुढचा धोका वेगळाच. ब्रेक नसलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला मागून ढकलते. वळणावर चालकाने ब्रेक मारला की ट्रॅक्टर मंदावतो, ट्रॉली मंदावत नाही. ती दांडीवरून ट्रॅक्टरची शेपटी बाजूला लोटते आणि दोन्ही वाहने चाकूसारखी मिटतात. कोकणातल्या घाटवाटांवर जांभ्याचा चिरा किंवा आंब्याच्या पेट्या नेणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

आता आकाराकडे येऊ. फॅब्रिकेशनच्या दुकानात मापे फुटांत बोलली जातात आणि माल टनांत भरतो, हा सगळा घोटाळा आहे. १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि २ फूट उंच हौदा म्हणजे १२० घनफूट. त्यात कांदा भरला तर जेमतेम २ टन होतो. तोच हौदा कोरड्या वाळूने काठोकाठ भरला तर साडेपाच टनांच्या आसपास, आणि वाळू ओली असेल तर त्याहूनही जास्त. विटांचा हिशोब सोपा आहे, एक वीट ३ किलोची धरली तर हजार विटांचे ३ टन. म्हणजे कांद्यासाठी बेताची असलेली ट्रॉली वाळूसाठी भलतीच मोठी ठरते. रिकामी जागा दिसली की माणूस ती भरतोच. गिऱ्हाईकही उभे राहून "अजून चार घमेली टाका" म्हणते. (वाळूची परवानगी आणि रॉयल्टी हा निराळा विषय. बिनपावतीच्या वाळूची कमाई हलाल कशी, हे ज्याचे त्याने स्वतःला विचारावे.)

म्हणून या घराला आमचा सल्ला असा, की ८ फूट लांब, ५ फूट रुंद आणि फाळके दीडच फुटांचे घ्या. तो ६० घनफुटांचा हौदा होतो. वाळू काठोकाठ भरली तरी ती कोरडी असताना पावणेतीन टनांच्या आतबाहेर राहते. ओल्या वाळूला मात्र काठाच्या खाली हात आवरायचा. कांद्याच्या दिवसांत वरून काढता-घालता येणारी दीड फुटांची लोखंडी जाळी बसवा. जाळीसकट १२० घनफूट होतात, म्हणजे कांदा दोन टन बसतो. जाळीतून वाळू गळते, तेव्हा मोहाला जागाच उरत नाही. फाळक्यावर फाळका चढवण्याची सोय मात्र करून घेऊ नका. आज नाही तर उद्या, त्या फाळक्यांच्या मध्ये खडी भरली जाईल.

मोठ्या ट्रॉलीपेक्षा ही स्वस्त पडते, आणि जे पैसे वाचतील ते ब्रेकमध्ये घाला. रोखीचा व्यवहार करणाऱ्या घराने याच ठिकाणी घट्ट राहायला हवे. व्याज टाळले ते उत्तम केले, पण त्याची किंमत ब्रेक गाळून चुकवायची नाही.

दोन चाकी ट्रॉलीत चाकांचा आस नेमका कुठे बसवला आहे, हेही पाहा. भरलेल्या ट्रॉलीची दांडी ट्रॅक्टरच्या हुकावर थोडी दाबून बसली पाहिजे. माल मागे जास्त झाला तर दांडी वर उचलते, ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात, आणि ब्रेक तर त्याच चाकांना आहेत! उलट, पुढे फार भार आला तर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग फिरवले तरी गाडी वळत नाही. दांडी नेहमी खालच्या हुकालाच जोडावी. चिखलात जोर मिळतो म्हणून काही जण वर कुठेतरी साखळी अडकवतात. त्याने ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन चालकावर उलटतो.

ब्रेकांचे प्रकार मोजकेच. सर्वांत स्वस्त ब्रेक धक्क्यावर चालतो. ट्रॅक्टर मंदावला की ट्रॉली पुढे रेटते, दांडी थोडी मागे सरकते आणि त्या दाबाने ट्रॉलीच्या चाकांचे ब्रेक लागतात. ट्रॅक्टरमध्ये काही बदल करावा लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण तो चालकाच्या हातात नसतो. लांब उतारावर ट्रॉली सतत रेटत राहते, लायनर तापतात आणि तापले की पकड सोडतात. मागे घेतानाही ब्रेक लागतो, त्यासाठी खिट्टी घालून तो अडवावा लागतो. ती खिट्टी काढायची राहिली, तर पुढच्या प्रवासात ब्रेक नाहीच. सपाट मुलुखात, बेताच्या मालाला हा ब्रेक चालेल.

दुसरा हायड्रॉलिक. ट्रॅक्टरचे पेडल दाबले की नळीतून तेलाचा दाब ट्रॉलीच्या चाकांपर्यंत जातो. खर्च जास्त, आणि जुन्या ट्रॅक्टरला जोडणी बसते का हे मेकॅनिककडून आधी पाहून घ्यावे लागते. पण चालकाला हवा तेव्हा, हवा तेवढा ब्रेक मिळतो. रस्त्यात घाट किंवा लांब उतार असेल तर आम्ही दुसरा विचारच करणार नाही. हवेचे ब्रेक मोठ्या ट्रॉल्यांना लागतात. त्याला ट्रॅक्टरवर कॉम्प्रेसर हवा, या घराला त्याची गरज नाही.

ब्रेक नसलेली ट्रॉली अजिबात नकोच का? आमचा ठोकताळा असा, की मालासकट ट्रॉलीचे वजन ट्रॅक्टरच्या वजनाहून कमी असेल आणि शेत ते घर एवढेच सपाट अंतर असेल, तर हळू चालवून भागते. डांबरी रस्त्यावर आणि भाड्याच्या मालाला नको.

कोणताही ब्रेक असो, दोन गोष्टी चालकाच्याच हातात राहतात. शेतात चटकन वळता यावे म्हणून ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक पेडल वेगळे असतात. रस्त्यावर येताच ती दोन्ही पेडले पट्टीने एकत्र अडकवायची. एकच पेडल दाबले गेले तर ट्रॅक्टर गर्रकन एका बाजूला वळतो. आणि उतार ज्या खालच्या गियरमध्ये चढला असता, त्याच गियरमध्ये उतरायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणे म्हणजे इंजिनाचा ब्रेकही सोडून देणे. उंट आधी बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपल्या घराघरांत सांगितली जाते. ट्रॉलीच्या बाबतीत ती दोरी म्हणजे ही पट्टी आणि हा गियर.

कागदपत्रांचे थोडक्यात. ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपासून वेगळी होते. शेतीसाठी नोंदवलेली गाडी भाड्यावर चालवली आणि काही घडले, तर विमा कंपनी हात वर करते. म्हणून भाडे मारायचे असेल तर आरटीओत तशी नोंद आणि तसाच विमा आधी करावा. जास्तीच्या मालाला मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. दोन-चार भाड्यांची कमाई एका फेरीत जाते.

आणि माणसे. निकाहचे वऱ्हाड असो, उरूस असो की इज्तेमा, आपल्या गावांत ट्रॉलीत सतरंजी अंथरून बायका-मुले बसवणे अजून सर्रास चालते. मालाच्या ढिगावर मजूर बसतात ते वेगळेच. ट्रॉलीला माणसे धरून ठेवील असे काही नसते. ती कलंडली तर हौद्यातले सगळे एकदम खाली येतात आणि वर हौदा येतो. अशा प्रवाशांची भरपाई बहुधा विम्यातून मिळत नाही, ती घराच्या जमिनीतून जाते. पत्र लिहिणाऱ्या भगिनींना आमची विनंती आहे, की हा एक नियम घरातल्या मोठ्या बाईच्या अधिकाराने त्यांनीच घालून द्यावा. पाहुण्यांसाठी जीप ठरवा. वलीम्याचा एखादा पदार्थ कमी झाला तरी चालेल.

रात्री चालवायची असेल तर मागे लाल दिवे आणि दोन्ही बाजूंना चमकणारी पट्टी हवी. उसाच्या हंगामात बिनदिव्याच्या उभ्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळल्याच्या बातम्या दर वर्षी वाचतो. हुकाच्या पिनेला कुलपी क्लिप आणि जोडीला एक साखळी असू द्या. पिन निसटली तरी ट्रॉली साखळीला राहते. पावसाळ्यानंतर ड्रम उघडून चिखल आणि गंज साफ करून घ्या.

ट्रॉली ताब्यात घेताना मुलाने ती आधी रिकामी आणि मग अर्ध्या मालाने मोकळ्या, सपाट रस्त्यावर चालवून पाहावी. रस्त्यावर खडूने रेघ ओढा, रेघेवर येताच ब्रेक दाबा आणि थांबेपर्यंतचे अंतर पावलांनी मोजा. ट्रॉलीची दोन्ही चाके एकाच वेळी धरतात का, हे बाजूला उभे राहून दुसऱ्याने पाहावे. एकच चाक धरत असेल तर ट्रॉली आडवी ओढली जाते. ते दुरुस्त होऊन पुन्हा चाचणी होईपर्यंत ट्रॉली बनवणाऱ्याची शेवटची रक्कम देऊ नये.