संदर्भ म्हणजे सजावट नव्हे

'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेतला 'डार्मोक' हा भाग सप्टेंबर १९९१ मध्ये अमेरिकेत दाखवला गेला. तेव्हापासून त्याची स्तुती खूप झाली आणि त्याला दोन आक्षेपही चिकटून राहिले. त्यातल्या परग्रहवासीयांची भाषा अशक्य कोटीतली आहे, हा पहिला. गिल्गमेश आणि होमर यांची हजेरी म्हणजे करमणुकीला दिलेला विद्वत्तेचा मुलामा, हा दुसरा. पहिल्यात थोडे तथ्य आहे, दुसऱ्यात अजिबात नाही.

कथा थोडक्यात अशी. भाषांतरयंत्र टमेरियन या परग्रहवासीयांचा शब्द न् शब्द उलगडते, पण अर्थ हाती लागत नाही. त्यांचा कप्तान डेथॉन 'तनाग्रा येथे डार्मोक आणि जलाद' एवढेच घोकत राहतो. शेवटी तो एंटरप्राइझ यानाचा कप्तान पिकार्ड याला एका निर्जन ग्रहावर नेतो आणि त्याच्यासमोर खंजीर धरतो. पिकार्डला ते द्वंद्वाचे आव्हान वाटते. वास्तविक डेथॉनला दोघांनी मिळून एका श्वापदाशी लढायचे असते, कारण डार्मोक आणि जलाद तसेच लढले होते.

आता पूर्वपक्ष. सगळी भाषा जर जुन्या कथांच्या उल्लेखांनी भरलेली असेल, तर मुळात त्या कथा सांगितल्या कोणत्या भाषेत? मुले ती शिकणार कशी? आणि 'शाका, भिंती कोसळल्या तेव्हा' असे म्हणून इंजिनाचा कोणता स्क्रू पिळायचा हे कसे कळणार?

प्रश्न बिनतोड वाटतात, पण संवाद नीट ऐका. भिंती, बाहू, शिडे, सैन्य असे साधे शब्द त्यांत आहेत, व्याकरणही आहे. म्हणजे कथा सांगण्यापुरता ऐवज या भाषेत आहेच. 'हे लोक केवळ रूपकांत बोलतात' हे एंटरप्राइझवरच्या मंडळींनी घाईत केलेले निदान आहे. समीक्षकांनी तेच ब्रह्मवाक्य मानले.

मुलांचे म्हणाल, तर चिनी भाषेत 'विसंगती'साठी रोजच्या वापरातला शब्द आहे 'भाला-ढाल'. काहीही भेदणारा भाला आणि कशानेही न भेदली जाणारी ढाल एकाच वेळी विकणाऱ्याची ही कथा प्राचीन चिनी विचारवंत हान फेईच्या ग्रंथात आहे. चिनी मूल मात्र शब्द वापरातून उचलते, कथा मागाहून ऐकते.

असे सूचकपणे बोलून युद्धाची खबर देता येत नाही, असे कुणा मराठी वाचकाने तरी म्हणू नये. १७६१ मध्ये पानिपतच्या संहाराची वार्ता नानासाहेब पेशव्यांना कळली ती, परंपरा सांगते त्याप्रमाणे, सावकारी पत्रातून. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही, असा त्याचा आशय. ज्याला मोती कोण ते ठाऊक नाही, त्याच्या लेखी ही व्यापारातली खोट. ज्याला ठाऊक होते, त्याला विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ गेल्याचे कळले.

स्क्रूचा प्रश्न मात्र उरतो. भागात त्याला उत्तर नाही. ही उणीव मान्य करावी आणि पुढे जावे, कारण कथेचा भार तिच्यावर नाही.

दुसरा आक्षेप असा की, गिल्गमेशऐवजी दुसरे कुणीही चालले असते. चालले नसते. एंटरप्राइझने पिकार्डला लढाईच्या ऐन मध्यात खेचून घ्यायचा प्रयत्न केला आणि तेवढ्यात डेथॉन श्वापदासमोर एकटा सापडला. रात्री शेकोटीपाशी तो मरणाच्या दारात असताना पिकार्ड त्याला गोष्ट सांगतो. उरुकचा मदांध राजा गिल्गमेश आणि रानातला एन्किडू आधी भिडतात, मग जिवलग होतात, एकत्र लढतात, आणि एन्किडू मरतो. डेथॉनसमोर त्याचेच मरण मांडले जात आहे आणि ते त्याला समजते आहे. इथे रोमिओ-ज्युलिएट ठेवून पाहा, प्रसंग कोसळेल. ज्युलिएटचा दाखला याच भागात वेगळ्या कामासाठी येतो: ती कोण हे माहीत नसेल तर सज्जातली मुलगी म्हणजे नुसते चित्र.

शिवाय गिल्गमेशच्या महाकाव्याचा स्वतःचा इतिहासही या कथेला साजेसा आहे. निनेवेच्या उत्खननात १८५०च्या दशकात मिळालेले त्याचे मातीचे लेख लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये वर्षानुवर्षे पडून होते. त्यांतली महापुराची हकिकत जॉर्ज स्मिथ या अभ्यासकाने १८७२ मध्ये वाचून दाखवली, तेव्हा कुठे जगाला या काव्याची ओळख झाली. सुमारे दोन हजार वर्षे या कथेला श्रोताच नव्हता.

मजकूर हाती असणे म्हणजे अर्थ कळणे नव्हे, हाच या भागाचा सिद्धान्तही आहे. यानाचा संगणक 'डार्मोक' शोधतो तेव्हा कुठला सम्राट, कुठला पुराणपुरुष शिकारी, कुठली थंडगार मिठाई असे बरेच काही सापडते. शिकाऱ्याची नोंद अचूक असते. तरी संवाद तसूभर पुढे सरकत नाही. माहिती मिळाली, पण डेथॉन ती आत्ता, आपल्याला का सांगतो आहे, हे नोंदीत कसे असणार? ते कळायला खंजीर हाती घ्यावा लागला. पुढे टमेरियन पिकार्ड आणि डेथॉनचे नाव आपल्या भाषेत घालतात आणि पिकार्ड होमरच्या नावावरची स्तोत्रे ग्रीकमधून वाचत बसतो. आपलीच पुराणे ज्याला परकी, त्याला दुसऱ्याची कळणार नाहीत, असे त्याचे गणित आहे.

विज्ञानकथेतल्या सांस्कृतिक दाखल्यांना कसोटी हीच लावावी: दाखला काढला तर कथा उभी राहते का? राहत असेल तर तो मुलामा समजून खुशाल खरवडावा. 'डार्मोक'मधून गिल्गमेश काढला, तर उरतात दोन कप्तान आणि एक श्वापद.