योगाचा तास आणि समुपदेशकाची खोली

राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी पदवीचे अभ्यासक्रम नव्याने आखले, तेव्हा सहअभ्यासक्रमांत क्रीडा, राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी आणि कला यांच्या जोडीला योगालाही जागा मिळाली. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला तीस तास धरले, तर दोन क्रेडिटचा योग म्हणजे सत्रभरात साठ तास. ही तरतूद आजवर निवडीची आहे. मात्र विद्यार्थ्यांचे मानसिक स्वास्थ्य ढासळत असताना योग ऐच्छिक का ठेवायचा, तो सर्वांनाच सक्तीचा करावा, अशी एक बाजू मांडली जाते. दुसरी बाजू म्हणते, आधी समुपदेशक नेमा, योगाचे नंतर पाहू. दोन्ही बाजूंची काळजी एकच आहे, म्हणूनच दोन्हींचे नीट ऐकून घ्यायला हवे.

काळजी अकारण नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले होते आणि हा आकडा सर्व राज्यांत सर्वाधिक होता. आत्महत्येमागे सहसा एकच एक कारण नसते आणि या आकड्यावरून कोणताही एक उपाय सिद्ध होत नाही. तरीही विद्यापीठांनी स्वस्थ बसू नये, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

योगाचा आग्रह धरणाऱ्यांची बाजू भाबडी नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले, ते योगाच्या दाव्यांना प्रयोगशाळेत तपासण्यासाठी. नौली करताना पोटात दाब किती बदलतो, हे त्यांनी उपकरणे लावून मोजले, क्ष-किरण चित्रे काढली आणि निष्कर्ष ‘योगमीमांसा’ त्रैमासिकातून छापले. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले, तेही डेक्कन जिमखान्याच्या बोलावण्यावरून शिकवायला. म्हणजे योग आणि विद्येचे आवार यांची सांगड या प्रांतात नवी नाही. श्वास संथ आणि लांब केला की हृदयाची गती उतरते, शरीराची ताणाची अवस्था सैल पडते, हे आज शरीरशास्त्रही मान्य करते. सौम्य ते मध्यम स्वरूपाची चिंता आणि नैराश्य यांत नियमित सरावाने लक्षणे कमी होतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

त्याहून मोठा मुद्दा संकोचाचा आहे. बऱ्याच महाविद्यालयांत समुपदेशन कक्ष म्हणजे कार्यालयालगतची एक खोली. दारावर पाटी, पाटीखाली वेळ: मंगळवार आणि गुरुवार, ११ ते १. बाहेरच्या बाकावर बसायचे तर फी भरायला आलेली सगळी रांग पाहते. शिपाई सहज विचारतो, “काय काम होतं?” या प्रश्नाला उत्तर द्यावे लागू नये म्हणून कितीतरी मुले जिन्यावरूनच परत फिरतात. योगवर्गाला जाणाऱ्याला मात्र कोणी काही विचारत नाही. सतरंजी काखेत मारून हॉलमध्ये शिरणाऱ्या मुलीला रात्र रात्र झोप लागत नाही, हे कळायचे कारणच नसते. जिथे मन हा शब्द उच्चारायलाही घरात चोरी वाटते, तिथे शरीराच्या वाटेने मनापर्यंत पोहोचण्याची ही सोय मोलाची आहे.

मात्र दुसऱ्या बाजूचे आक्षेपही तितकेच वजनदार आहेत. योगावरचे बरेच अभ्यास लहान गटांवरचे, थोड्या आठवड्यांचे आहेत आणि योग करतो आहोत हे करणाऱ्याला माहीत असल्यामुळे अपेक्षेचा परिणाम वेगळा काढणे कठीण जाते. तीव्र नैराश्यात अंथरुणातून उठणे हेच जड असते. अशा मुलाला सकाळी साडेसहाचा वर्ग म्हणजे अपयशाची आणखी एक नोंद. ज्याला घाबरेपणाचे झटके येतात, त्याला भस्त्रिकेसारखा जलद श्वसनाचा प्रकार त्रासदायक ठरू शकतो. शिक्षकाला हे माहीत नसेल तर हानीही होते.

आणखी एक आक्षेप आम्हांला सर्वांत गंभीर वाटतो. निकाल महिनोन्‌महिने लांबतात, शिष्यवृत्ती वेळेवर जमा होत नाही, वसतिगृहात एका खोलीत ठरल्यापेक्षा जास्त मुले राहतात, जातीवरून टोमणे ऐकावे लागतात. या ताणांचे मूळ विद्यार्थ्याच्या श्वासात नाही. संस्थेने हे प्रश्न तसेच ठेवून त्याला फक्त शांत व्हायला शिकवले, तर दुखण्याची जबाबदारी दुखणाऱ्यावरच टाकल्यासारखे होईल. अर्थात योगशिक्षकांपैकी कोणी शिष्यवृत्ती लांबवा असे म्हणत नाही. पण प्रशासनाचे लक्ष आणि पैसा दोन्ही मर्यादित असतात आणि योगदिनाचा कार्यक्रम साजरा करणे हे निकाल वेळेवर लावण्यापेक्षा सोपे असते.

सक्तीच्या प्रश्नावर ब्रिटनमधले दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. ते सजगतेच्या ध्यानावरचे आहेत, आसनांवरचे नाहीत, त्यामुळे त्यांचे निष्कर्ष योगाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. केंब्रिज विद्यापीठात ६१६ विद्यार्थ्यांवर झालेल्या चाचणीत आठ आठवड्यांचा वर्ग केलेल्यांना परीक्षेच्या दिवसांत मानसिक त्रास कमी झाल्याचे दिसले. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे आलेले विद्यार्थी स्वतःहून आले होते. याउलट शाळांमधून आठ हजारांहून अधिक मुलांना तेच कौशल्य वर्गाच्या वेळापत्रकातून शिकवले गेले, त्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले आणि नेहमीच्या शिकवण्यापेक्षा त्याने अधिक लाभ झाल्याचे आढळले नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. वये वेगळी होती, परिस्थिती वेगळी होती. सगळे श्रेय वा दोष सक्तीला देणे घाईचे होईल. तरीही सरावावर उभी असलेली गोष्ट हजेरीवर चालत नाही, ही शंका त्यातून बळावते.

श्रद्धेचा मुद्दाही आहे. काहींच्या दृष्टीने योग हा निव्वळ व्यायाम आहे. काही मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांना सूर्यनमस्कारातले मंत्र ही उपासना वाटते. दोघांनाही आपले म्हणणे प्रामाणिकपणे मांडता येते. शाळांत योग सक्तीचा करण्याचा आदेश द्यायला सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये नकार दिला. निवड खरी असेल तर हा वाद बराचसा उरत नाही.

पण निवड खरी असते का? जिथे महाविद्यालयाकडे एकच शिक्षक उपलब्ध असतो, तिथे सहअभ्यासक्रमांची लांब यादी कागदावर राहते आणि सगळा वर्ग योगाला बसतो. इथे सक्तीच्या समर्थकांचा सर्वांत व्यवहारी मुद्दा पुढे येतो: विषयाला क्रेडिट असले तरच पद मंजूर होते, तासिका तत्त्वावर का होईना शिक्षक मिळतो. क्रेडिट काढून घेतले तर हॉल आणि सतरंज्या राहतील, शिकवायला कोणी राहणार नाही. हा मुद्दा आम्हांला मान्य आहे. म्हणून योगाचे क्रेडिट काढू नये. मात्र आसन किती ताणले यावर गुण देऊ नयेत, केवळ पूर्ण केले की नाही एवढीच नोंद असावी आणि त्याच वेळेला दुसरा किमान एक पर्याय प्रत्यक्ष चालू असल्याशिवाय योग कोणावर लादू नये.

पैसा एकाच गोष्टीला पुरणार असेल, तर आमचा कौल समुपदेशकाकडे आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे निर्देश दिले. आमच्या कौलात योगाला कमी लेखण्याचा हेतू नाही. योगवर्गात एखादी मुलगी शवासनात रडू लागली, तर तिला कोणाकडे पाठवायचे हे शिक्षकाला माहीत असले पाहिजे, आणि ती व्यक्ती त्या दिवशी महाविद्यालयात हजर असली पाहिजे. ती नसेल तर चांगला योगशिक्षकही एकटा पडतो. रात्रीबेरात्री आधार म्हणून सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर लावावा.

समुपदेशन कक्ष कार्यालयापासून दूर हलवायला फारसा खर्च येत नाही. तो योगाच्या हॉललगत, त्याच जिन्यावर असावा. म्हणजे त्या दिशेने जाणारा कोणत्या दारात शिरणार आहे, हे खालून पाहणाऱ्याला कळणार नाही.