सापडण्यासाठी लपवलेले

'लपवणे' या क्रियापदाला आपल्याकडे कधी चांगले नाव मिळालेच नाही. लपवतो तो चोर, लपवतो तो कंजूष, लपवतो तो काळाबाजारवाला. आजीच्या गोष्टीतला सावकार मोहरांचा हंडा परसात पुरतो आणि मेल्यावर त्याच हंड्यावर नाग होऊन बसतो. कोणाला काही सापडू नये एवढीच या साऱ्या मंडळींची इच्छा. या लेखात मी एका निराळ्या लपवण्याची बाजू मांडणार आहे. वस्तू सापडावी म्हणूनच लपवायची, ती कोठे आहे हे साऱ्या जगाला सांगायचे, आणि मग कोणीतरी येईल म्हणून वाट पाहत बसायचे.

या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. खेळ तसा परवाचाच. अमेरिकेच्या उपग्रहांवरून जमिनीवरची जागा सांगणारी जी.पी.एस. यंत्रणा सामान्य माणसाला पूर्वीही वापरता येई; पण लष्करी कारणास्तव तिच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे आणि उत्तर शंभरेक मीटर इकडेतिकडे जाई. मे २००० च्या आरंभी ही चूक काढून टाकण्यात आली. लगेच ३ मे रोजी ऑरेगन राज्यातील डेव्ह उल्मर या गृहस्थाने रानात एक बादली ठेवली, तिच्यात वही, पेन्सिल आणि काही किरकोळ चिजा घातल्या आणि बादलीचे अक्षांश-रेखांश जाहीर करून टाकले. तीन दिवसांत दोघांनी ती शोधून काढली. आज जगभर असे तीस लाखांहून अधिक डबे लपवलेले आहेत. एकट्या जर्मनीत ते लाखोंनी आहेत. आपल्याकडे फारच तुरळक. कल्पना मात्र उपग्रहांपेक्षा पुष्कळ जुनी. इंग्लंडातील डार्टमूर या ओसाड माळावर क्रॅनमियर पूल नावाची आडजागा आहे. तेथे १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने एक बाटली ठेवली होती. जो तेथवर पोचेल त्याने तीत आपले कार्ड टाकावे, एवढाच हेतू.

नियम थोडे, पण शहाणपणाचे आहेत. डबा जमिनीत पुरायचा नाही. जागेच्या मालकाची परवानगी घ्यायची. आत खाद्यपदार्थ ठेवायचा नाही. शोधणाऱ्याने वहीत नाव व तारीख लिहायची, आतली एखादी चीज घेतली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची आणि डबा होता तसा परत ठेवायचा. पैसा नाही, बक्षीस नाही, पंच नाही. डबा उचलून घरी नेणाऱ्याला कोणी अडवू शकत नाही. सगळा कारभार विश्वासावर.

मार्गशीर्षात मी माझा पहिला डबा नागोठण्यात ठेवला. साधा, झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा पारदर्शक डबा. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत चाळीस पानी वही, पेन्सिलीचा तुकडा, एक गोटी, एक शिंपला आणि ३० जून २०११ नंतर बाजारातून बाद झालेले पंचवीस पैशांचे एक नाणे. ऐवज असा, की चोराने पाहिला तर तोच आपल्या पदरचे दोन रुपये टाकून जाईल.

डबा ठेवायला दोन मिनिटे लागली; जागा ठरवायला तीन आठवडे. पहिली अडचण पाण्याची. आमचे गाव आंबा नदीच्या काठी. जुलै १९८९ मध्ये याच नदीने वर जांभूळपाड्यात जो हाहाकार केला तो रायगड जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. तेव्हा आमच्याकडे पाणी कोठवर आले होते, हे मी म्हाताऱ्या माणसांना विचारत फिरलो. कोणी ओटीची पायरी दाखवली, कोणी भिंतीवर छातीएवढा हात धरला, एका काकूंनी देवघराचा कोनाडा दाखवला आणि चहा पाजून दोन तास त्या दिवसांची हकीकत सांगितली. पूररेषा नकाशावर असते म्हणतात. मला ती माणसांच्या हातांवर सापडली.

दुसरी अडचण पुलाची. गावाजवळ आंबेवर दगडी कमानींचा जुना पूल आहे. इ. स. १५८० च्या सुमारास चौलच्या काझी अलाउद्दीनने तो तीन लाख रुपये खर्चून बांधला, असे कुलाबा जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात नोंदलेले आहे. डबा घेऊन येणाऱ्याने हा पूल पाहावा, हीच तर माझी मूळ इच्छा. पण पुलाच्या दगडांत डबा कोंबला तर शोधणारा दगड हलवणार, दुसरा आणखी एक हलवणार, आणि चार शतके उभे राहिलेले काम माझ्या हौसेपायी खिळखिळे होणार. म्हणून पूल नजरेच्या टप्प्यात ठेवून थोडे दूर, ओळखीच्या काकांच्या शेताच्या कडेला असलेल्या आंब्याची ढोली निवडली. काका म्हणाले, "ठेव की. पण ढोलीत जनावर असतं. हात घालण्याआधी काठी आपट, आणि येईल त्यालाही सांग." त्याप्रमाणे डब्याच्या वर्णनात 'आधी काठी' ही सूचना मी इंग्रजी आणि मराठी दोन्ही भाषांत घातली आहे.

तिसरी अडचण अधिक गंभीर. हा रायगड जिल्हा आहे. १९९३ च्या आरंभी श्रीवर्धन तालुक्यात दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यांवर जी खोकी उतरली त्यांतून पुढे मुंबईत काय घडले, ते सांगायला नको. तेव्हापासून एस.टी.त, स्टेशनात, सिनेमागृहात आपण एकच पाटी वाचत आलो: बेवारस वस्तूला हात लावू नका. परदेशातसुद्धा असले डबे संशयावरून पोलिसांनी स्फोटाने उडवून दिल्याच्या घटना घडल्या आहेत. तेव्हा डब्यावर 'हा खेळाचा डबा आहे' असे ठळक अक्षरांत लिहिले आणि पोलिसांना लेखी कळवायला गेलो. अर्ज वाचून तेथील एका हवालदारसाहेबांनी मला प्रश्न विचारले.

"डबा कोणासाठी ठेवला?"

"माहीत नाही."

"कधी येणार तो?"

"ते पण माहीत नाही."

"मग ठेवला कशाला?"

हा प्रश्न त्यांनी चौकशीसाठी विचारला नव्हता, कुतूहलाने विचारला होता. मला तेथे नीट उत्तर देता आले नाही. अर्जावर शिक्का घेऊन मी बाहेर पडलो. आज येथे देतो.

नागोठणे हे एके काळी उतरण्याचे गाव होते. धरमतरच्या खाडीतून आंबेच्या पात्राने होड्या आणि मचवे येथवर येत. पुढे जमिनीची वाट. येणाऱ्याला येथे पाय ठेवावाच लागे. आज नागोठणे हे ओलांडण्याचे गाव आहे. मुंबई-गोवा महामार्गाने गाड्या जातात, लांब पल्ल्याच्या आगगाड्या बहुतेक न थांबता धडधडत जातात, पालीच्या बल्लाळेश्वराचे भाविक वाकण फाट्याला वळतात. मुंबईच्या माणसाला नागोठणे म्हटले की कारखाना आठवतो, पूर्वीची आय.पी.सी.एल., आता रिलायन्स. कामासाठी येणारे पुष्कळ आहेत: कामगार, विक्रेते, वधुपित्याकडची मंडळी, निवडणुकीतले पुढारी. नुसते गाव पाहायला म्हणून कोण येते? काही काम नसताना एक अनोळखी माणूस येथे उतरावा, अर्धा तास इकडेतिकडे भटकावा, नदी पाहावी, पुलावर उभा राहावा, आणि कागदावर आपले नाव लिहून जावा, इतकेच मला हवे आहे. त्यासाठी त्याला काहीतरी निमित्त द्यायला हवे. डबा हे निमित्त.

डबा जागतिक यादीत नोंदला जाऊन आता अकरा आठवडे झाले. वही कोरी आहे.

वाट पाहण्याचे बरेच प्रकार आपल्याला ठाऊक असतात. निकालाची वाट, पत्राची वाट, गाडीची वाट. त्यांत ज्याची वाट पाहायची तो ठरलेला असतो. या वाट पाहण्यात समोरचा माणूसच अस्तित्वात नाही. तो आल्यावर होणार. पहिल्या आठवड्यात मी रोज सकाळी यादी पाहत असे. एस.टी. स्टँडवर पाठीला पिशवी लावलेला कोणी उतरला की माझी नजर त्याच्या हाताकडे जाई: हातातल्या फोनकडे पाहून तो दिशा शोधतो आहे का? एक तरुण तसे करतानाही दिसला. मी अंतर ठेवून मागे गेलो. तो एका लग्नघरी शिरला. तिसऱ्या आठवड्यात मला नवीच भीती वाटू लागली: आकडे अचूक असतील ना? अक्षांशाच्या एका मिनिटाच्या हजाराव्या भागाचे अंतर जमिनीवर दोन मीटरही भरत नाही, पण शतकाच्या जागी एक आकडा चुकला तरी माणूस झाड सोडून भलत्याच बांधावर जाईल. तीन वेगवेगळ्या दिवशी मोजून त्यांची सरासरी दिली आहे, असे मनाला बजावले आणि गप्प बसलो.

याच काळात एका मित्राने मोठ्या मनाने सुचवले, "मी जाऊन सही करून येतो. तुझा डबा उघडला एकदाचा!" मी नको म्हटले. त्याला राग आला. पण माझे मत ठाम आहे. नाट्यस्पर्धेत आपल्याच घरच्यांनी टाळ्या वाजवाव्यात, तसे ते झाले असते. आपल्या गावाचे कौतुक आपण आपल्यात रोज करतोच; गणेशोत्सवात करतो, गटारीलाही करतो. ओळखीच्या माणसाची सही वहीतले पान भरते, पण ज्याच्यासाठी जागा ठेवली त्याची जागा अडवून बसते.

आता जुन्या लोकांकडे पाहू. आपल्याच जिल्ह्यात अलिबागजवळ आक्षी येथे मराठीतील अगदी आरंभीचा शिलालेख आहे. शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, हा त्याचा काळ पुष्कळ अभ्यासक मानतात. त्यात दान मोडणाऱ्याला गाढवाचा शाप दिलेला आहे. असे गधेगाळ शिलाहार-यादवांच्या काळात महाराष्ट्रभर उभे राहिले. पुढे येणाऱ्या अनोळखी माणसाविषयी त्यांत एकच भावना आहे: हा येईल तो मोडायलाच येईल. आणि तेवढ्यातच, सोलापूर जिल्ह्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल येथे शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा, लेख आहे. त्याच्या शेवटी काय आहे? हे जो वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाचा आशीर्वाद! दोन्ही लेखांत जेमतेम सहा वर्षांचे अंतर. एक दगड येणाऱ्याला शिवी देतो, दुसरा येणाऱ्याची वाट पाहतो. वाचकहो, माझा डबा दुसऱ्या दगडाच्या घराण्यातला आहे.

दुर्दैवाने पहिल्या घराण्याची वंशवृद्धी अधिक झाली. गुप्तधनाच्या नादाने किती गडांवर, किती पडक्या देवळांत चौथरे उकरले गेले आहेत, ते गडकिल्ले हिंडणाऱ्या कोणालाही विचारा. त्या नादाने माणसांचे बळी देण्यापर्यंत मजल गेली, म्हणून २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी केलेल्या अघोरी कृत्यांना वेगळे स्थान द्यावे लागले. सरकारेही या बाबतीत फार शहाणी नसतात. १५ ऑगस्ट १९७३ रोजी दिल्लीच्या लाल किल्ल्याच्या परिसरात भविष्यकाळासाठी एक कालपत्र पुरण्यात आले. आत नेमके काय लिहिले आहे यावरून आजच्याच माणसांत भांडण पेटले, सरकार बदलले, आणि डिसेंबर १९७७ मध्ये ते उकरून वर काढले. दूरच्या वंशजांसाठी ठेवलेली वस्तू पाच वर्षेही जमिनीत टिकली नाही! ती फार खोल होती आणि तिचा पत्ता सांगणाऱ्यांचा शेजाऱ्यावर विश्वास नव्हता, असे माझे म्हणणे आहे. ढोलीतला डबा वीतभर आत आहे आणि त्याचा पत्ता जपानपासून पेरूपर्यंत कोणालाही वाचता येतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. या वेळात विद्यार्थ्याने अभ्यास करावा. मी त्याला एवढेच विचारीन, की पूर कोठवर आला होता, पूल कोणी बांधला, कोणत्या झाडात साप राहतो, बांध कोणाच्या मालकीचा, हे कोणत्या विषयाच्या पेपरात येते? हे विचारायला निमित्त नसते तर आमच्या गल्लीतल्या त्या काकूंच्या ओटीवर मी दोन तास कधीच बसलो नसतो. आपल्या महाविद्यालयात रोहे, पेण, सुधागड या तालुक्यांतील गावागावांतून मुले-मुली येतात. प्रत्येकाने आपल्या गावात एक डबा ठेवायचे ठरवले आणि 'येथे का यावे' हे दहा ओळींत लिहिले, तर गावाची जी माहिती गोळा होईल ती कोणत्याही ग्रंथालयात नाही. डबे सापडतील न सापडतील. लिहिणाऱ्याला त्या दहा ओळी लिहिताना घाम फुटतो, हे मी अनुभवाने सांगतो. 'निसर्गरम्य' हा शब्द वगळून लिहून पाहा.

लेख छापायला देईपर्यंत वही कोरीच आहे. नागोठणे ढोबळमानाने १८ अंश ३२ मिनिटे उत्तर, ७३ अंश ८ मिनिटे पूर्व येथे आहे. पुढचे बारीक आकडे यादीत मिळतील. ज्यांची माझी ओळख नाही अशा वाचकांपैकी कोणी गेले तर माझी हरकत नाही. मे अखेरपर्यंत डबा तेथे राहील. मृग लागण्यापूर्वी मी तो काढून घरी आणणार आहे आणि यादीत तसे कळवणार आहे, कारण ढोलीत पाणी साचते असे काका म्हणतात. दसऱ्यानंतर नवी वही घालून पुन्हा ठेवीन.