अर्क आणि अचौर्य

केज तालुक्यातील नांदूरघाटसारख्या बाजारगावी हळद, सुंठ व ओवा वजनावर विकले जातात. औषधांचे कारखाने मात्र अशा मालाचे मोल त्यातील अर्कावरून ठरवितात. अर्क काढण्याची रूढ रीत म्हणजे हेक्झेन, अ‍ॅसिटोन यांसारख्या द्रावकात भुकटी मुरवून नंतर द्रावक उडवून लावणे. त्याचा किंचित अंश मागे राहतोच. मसाल्यांच्या ओलिओरेझिनमध्ये हेक्झेन दहा लाख भागांत 25 भागांहून अधिक नसावे, असा अमेरिकेचा नियम आहे.

दुसरी रीत कार्बन डायऑक्साइडची. तापमान 31 अंश सेल्सिअसच्या वर नेऊन वातावरणाच्या 73 पटींहून अधिक दाब दिला, की तो धड वायूही राहत नाही आणि द्रवही नाही. वायूप्रमाणे तो भुकटीच्या रंध्रांत शिरतो, द्रवाप्रमाणे तेल विरघळवितो. दाब उतरविताच तो वायुरूपाने निघून जातो व अर्क उरतो. उष्णता बेताची असल्याने सुगंधही टिकतो. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. ममता मुखोपाध्याय यांचा या विषयावरील इंग्रजी ग्रंथ 2000 साली प्रसिद्ध झाला.

या रीतीलाही मर्यादा आहेत. हळदीचे सुगंधी तेल या वायूत सहज उतरते. कर्क्युमिन मात्र अत्यल्प. त्यासाठी बहुधा इथेनॉलची, म्हणजे मद्यार्काची जोड द्यावी लागते. म्हणून मद्यत्यागाचे व्रत पाळणाऱ्या कुटुंबाने वेष्टनावरील ‘नैसर्गिक’ या शब्दावर न थांबता उत्पादकाकडे तशी विचारणा करावी. शिवाय एवढा दाब सोसणारी पोलादी पात्रे महाग असतात. वर्षभर पुरेल इतका माल हाती नसेल, तर यंत्र थांबते; कर्जाचे व्याज थांबत नाही. लहान व्यापाऱ्याने प्रथम दुसऱ्याच्या यंत्रावर मजुरी देऊन अर्क काढून घ्यावा आणि गिऱ्हाईक पक्के करावे, हे शहाणपणाचे.

खरी कसोटी पुढेच आहे. तेल काढलेली हळद पिवळीच राहते, कारण रंग देणारे कर्क्युमिन तिच्यातच असते. ही भुकटी कर्क्युमिन काढणाऱ्यास तशी सांगून विकणे हा सचोटीचा व्यापार. ताज्या हळदीत मिसळून विकणे हा प्रतिरूपक व्यवहार. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत त्याची गणना आहे. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना हा भेद दिसत नाही. तो केवळ दुकानदारालाच ठाऊक असतो. व्रताची आवश्यकता नेमकी अशाच ठिकाणी असते.